पितळी जेटची पेटी

पंचवीस वर्षांपूर्वी मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींच्या, प्रत्येक मेकॅनिकजवळ एक छोटी पेटी असायची. पेटीत कप्पे आणि कप्प्यांत करंगळीच्या नखाएवढे पितळी जेट. प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला: 160, 162, 165, 168. आकडा जितका मोठा, तितकं जेटचं भोक मोठं आणि पेट्रोलची धार जाड. सकाळची गार हवा दुपारी तापली, की पेटी उघडायची, कार्बोरेटर तिरका करायचा, एक जेट काढून दुसरा बसवायचा. रायडरने फेरी मारून यायचं आणि मेकॅनिकने प्लग काढून त्याचा रंग बघायचा. चॉकलेटी असला तर जमलं. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट दिसला तर कमी, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक.

एकदा जमलेलं गणित दुसऱ्या गावी चालेलच असं नसे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लेकवूडचा थंडर व्हॅली हा ट्रॅक 6,000 फुटांहून उंचावर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण एक षष्ठांशाने विरळ. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ झकास पळणारी गाडी तिथे गुदमरायची, कारण कार्बोरेटर पेट्रोल सवयीनेच ओतायचा.

तरी टू-स्ट्रोकच्या जमान्यात हे सगळं अंगवळणी पडलं होतं. खरी पंचाईत झाली ती फोर-स्ट्रोक गाड्या परतल्यावर. 1997 साली लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत डग हेन्रीने यामाहाच्या 400 सीसी फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकून दाखवली आणि पुढच्याच वर्षी तिची बाजारातली बहीण वायझेड400एफ आली. या गाड्यांवर केहिनचा एफसीआर कार्बोरेटर असे. उडी मारून उतरताना मूठ एकदम पिळली, की इंजिन क्षणभर आचका देऊन मगच उचल खाई. रायडर त्याला ‘बॉग’ म्हणत. दोन उड्यांच्या मधोमध हा आचका बसला तर हाड मोडायची वेळ. यावर मेकॅनिकांनी काढलेला तोडगा अगदी गॅरेजछाप होता. मूठ पिळताच पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या पंपाच्या दांड्यांना रबरी रिंग अडकवायची, म्हणजे पिचकारी तत्काळ उडते. कारखान्यातून नवी कोरी निघालेली गाडी अशी काही पैशांच्या रबराने सुधारायची.

रस्त्यावरच्या गाड्यांना तोवर इंधन-इंजेक्शन नवं राहिलं नव्हतं. कावासाकीने 1980 मध्येच झेड1000वर ते बसवलं होतं. मातीत मात्र जपानी कंपन्या कार्बोरेटर सोडायला तयार नव्हत्या, आणि आधी धाडस केलं ते चक्क एका सायकल कंपनीने. कॅननडेल ही अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलींसाठी नावाजलेली अमेरिकन कंपनी. पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्डच्या कारखान्यात तिने एमएक्स400 ही मोटोक्रॉस गाडी बांधली. इंजेक्शन होतं, बटणाने सुरू होत होती, आणि सिलिंडरचं हेड उलटं फिरवलेलं: हवा पुढून आत, धूर मागून बाहेर. पाठोपाठ त्याच इंजिनावर चारचाकी क्वाडही निघाले. पण गाडी जड होती, तक्रारी वाढल्या आणि पैसा आटत गेला. जानेवारी 2003 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सात वर्षांनी यामाहाने नवी वायझेड450एफ आणली, तेव्हा तिच्यातही हवा पुढून आणि धूर मागून होता. इंजेक्शन तर होतंच.

मोठ्या कंपन्यांनी हा बदल अंदाज घेत घेत केला. सुझुकीने 2006 मध्ये एलटी-आर450 या शर्यतीच्या क्वाडला इंजेक्शन दिलं आणि 2008 मध्ये आरएम-झेड450 या मोटरसायकलला. पुढच्या वर्षी कावासाकी आणि होंडाच्या 450 सीसी गाड्या आल्या. क्वाडवर बॅटरी वाहणं सोपं असतं. मोटोक्रॉसच्या गाडीत मात्र वजनापायी बॅटरीच नव्हती. त्यामुळे किकच्या एका लाथेत निर्माण होणाऱ्या विजेवर संगणक जागा करायचा, पंप फिरवायचा, इंजेक्टर उघडायचा आणि ठिणगीही पाडायची, एवढं सगळं साधावं लागलं.

जेटच्या जागी आता तक्ता आला. त्यालाच मॅप म्हणतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला मूठ किती उघडली ते, आणि प्रत्येक घरात एक आकडा: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. मिनिटाला 10,000 फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाला एका आवर्तनासाठी जेमतेम 12 मिलिसेकंद मिळतात, म्हणून हे आकडे मिलिसेकंदांत. ठिणगी कधी पाडायची याचा तक्ता वेगळा. हवेचा दाब आणि तापमान मोजून संगणक स्वतःच दुरुस्ती करतो, म्हणून लेकवूडच्या उंचीवर पेटी उघडायची गरज उरली नाही.

मातीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. भुसभुशीत वाळूत इंजिनावर ओझं पडतं, तिथे जोरकस मॅप लागतो. कडक, गुळगुळीत जमिनीवर तोच मॅप मागचं चाक नुसतं फिरवत ठेवतो, तिथे ठिणगी जरा उशिरा पाडून गाडी मवाळ करावी लागते. कावासाकीने 2012 च्या केएक्स450एफसोबत यासाठी तीन रंगीत प्लग दिले: नेहमीच्या, मऊ आणि कडक जमिनीसाठी. पाहिजे तो खोचायचा की झालं. यामाहाने त्याआधीच हातात मावणारं ट्यूनर यंत्र विकायला काढलं होतं. 2018 च्या वायझेड450एफमध्ये तेही गेलं. गाडी वाय-फायने मोबाइलला जोडायची आणि चार बाय चारच्या तक्त्यात आकडे बदलायचे. शर्यतीआधी घाईत बदललेला एक चुकीचा आकडा पिस्टन जाळू शकतो, हे मात्र पांढऱ्या प्लगच्या काळाइतकंच खरं होतं.

पेटी बंद झाली तसा सरकारचा डोळा उघडला. जेट बदलला तर कुणाला पत्ता लागत नसे, पण मॅप बदलणारं यंत्र दुकानात विकलं जातं, त्याची पावती फाटते. 2016 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असे ट्यूनर विकल्याबद्दल हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली, आणि कंपनीने 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड मान्य केला. शर्यतीपुरतंच वापरा, अशी सूचना छापून सुटका होणार नाही हे त्यातून सगळ्यांना कळलं.

महाराष्ट्रात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. बजाजने 2007 मध्ये पल्सर 220ला इंजेक्शन दिलं आणि 2009 मध्ये तीच गाडी पुन्हा कार्बोरेटरवर नेली. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर कार्बोरेटर नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. त्याच वर्षी चाकणच्या कारखान्यातून केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर बाहेर पडू लागली. पुण्या-मुंबईहून बुलेट घेऊन लडाखला जाणारे खारदुंग ला चढताना हवेचा स्क्रू पिळत, एअर फिल्टर सैल करत, कारण तिथे हवा समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. चाकणची गाडी तो घाट स्क्रू ड्रायव्हर न काढता चढते. जुन्या बुलेटवाल्यांच्या बॅगेत मात्र पितळी जेटची पुडी अजूनही सापडते.