हस्तांतर आणि मूळ मालकाची संमती : मालवण मुलखातील एका जुन्या हक्काचा मागोवा

नामांकित व्यायामशाळेची फ्रँचायझी, म्हणजे तिचे नाव व पद्धत वापरून धंदा करण्याचा परवाना, घेतलेला चालक ती दुसऱ्याला विकू पाहतो, तेव्हा मूळ कंपनीची लेखी संमती, थकबाकीची फेड, हस्तांतर शुल्क आणि तोच सौदा आधी स्वतः घेण्याचा कंपनीचा अग्रहक्क अशा अटी सहसा आड येतात. या अटी आधुनिक वाटल्या, तरी हक्क देणाऱ्याने हक्क घेणाऱ्याच्या वारसदारावर व खरेदीदारावर नजर ठेवण्याची रीत मराठी मुलखात फार जुनी आहे.

मराठेशाहीत वतन, म्हणजे गावच्या अथवा परगण्याच्या सेवेबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क, विकता येत असे. परंतु ती विक्री पक्की होण्यासाठी भाऊबंदांची आणि गोताची, म्हणजे गावसभेची, साक्ष लागे, पाटील कागदावर नांगराची निशाणी करी, आणि सरकार नव्या वतनदाराकडून नजर, म्हणजे मान्यतेची रक्कम, घेई. मालवणचे तेव्हाचे धनी असलेल्या कोल्हापूरकरांशी 1812 मध्ये झालेल्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांकडे गेले. पुढे मुंबई इलाख्याच्या 1874 च्या वतन कायद्याने हीच नजर निर्बंधात बदलली. सरकारच्या मंजुरीवाचून वतनदाराला आपल्या हयातीपलीकडे टिकेल असे गहाण किंवा विक्री त्याच वतनाबाहेरच्या माणसाला करता येईना. सेवा करणारा बदलला तर सेवाच बुडेल, ही त्यामागची भीती रास्त होती.

मालवण तालुका तेव्हा ज्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, त्या जिल्ह्याच्या खोती भागांत मात्र या संमतीचे दुसरे रूप दिसते. खोत हा गावचा सारा भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ होता. 1880 च्या खोती कायद्याने वहिवाटदार कुळाचा हक्क वारशाने मुलाकडे जाऊ दिला, परंतु खोताच्या संमतीवाचून तसे हस्तांतर पूर्वापार होत आले आहे हे सिद्ध केल्याखेरीज कुळाला तो विकता येत नसे. कुळाने कसून सुपीक केलेल्या जमिनीचे मोल अशा रीतीने खोताच्या मर्जीवर अडून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 1949 च्या कायद्याने ती पद्धत संपविली, यामागे हा अन्यायही होता.

वतन व खोती यांच्यासाठी असे कायदे झाले, तरी फ्रँचायझीसाठी भारतात आजही स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि 1999 चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच भिस्त आहे. अहमदाबाद व राजकोट येथे कोका-कोलाच्या परवान्याने शीतपेये भरणाऱ्या गुजरात बॉटलिंग कंपनीचे भागभांडवल कोका-कोलाच्या संमतीवाचून पेप्सीच्या हाती गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कोका-कोलाच्या बाजूचा मनाई हुकूम कायम ठेवला. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न भरण्याची अट धंद्यावरील बेकायदा बंधन ठरत नाही, असेही स्पष्ट केले.

व्यायामशाळेच्या सभासदाने वर्षाची फी नावावर विसंबून आगाऊ भरलेली असते. म्हणून नवा चालक प्रशिक्षित आहे की नाही, उपकरणे व सभासदत्वे तो सांभाळील की नाही, हे तपासण्याचा मूळ कंपनीचा हक्क वतनी परंपरेतील रास्त भागाशी जुळतो. मात्र सक्षम खरेदीदार समोर असताना केवळ पैसे उकळण्यासाठी किंवा चालकाने उभारलेला धंदा स्वस्तात घशात घालण्यासाठी संमती रोखली गेली, तर तो खोतीचाच वारसा ठरतो, आणि म्हणूनच संमती कोणत्या कारणांनी व किती दिवसांत नाकारता येईल, हे करारातच लिहून घेणे चालकाच्या हिताचे आहे.