मनाचा रंग, गुन्ह्याचा आकडा

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत जपानी चित्रमालिकेचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. ‘सायको-पास’ नावाच्या या मालिकेवर आपली विशीतली मुले तासन्‌तास वाद घालतात. तो वाद ऐकत बसलो की लक्षात येते की ही मुले अजाणता एका जुन्या प्रश्नाशी झुंजत आहेत. गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार ओळखता येतो का, आणि ओळखता आला तर त्याला शिक्षा करावी का? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण आपल्या दाराशी घडलेले आहे.

आधी कथा सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलेली नसेल. ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात फुजी टीव्हीवर तिचे बावीस भाग दाखवले गेले. निर्मिती प्रॉडक्शन आय.जी. या संस्थेची, मुख्य दिग्दर्शक कात्सुयुकी मोतोहिरो, दिग्दर्शक नाओयोशी शिओतानी आणि लेखक गेन उरोबुची. काळ बाविसाव्या शतकातला. जपानमध्ये ‘सिबिल’ नावाची यंत्रणा प्रत्येक नागरिकाचे मन अखंड मोजते आहे. मनाला रंग असतो. मन स्वस्थ असेल तर रंग स्वच्छ, ताण वाढला की तो गढूळ होतो. त्याखेरीज प्रत्येकाचा एक गुन्हा-गुणांक असतो. पोलिसांच्या हातातले ‘डॉमिनेटर’ हे शस्त्र माणसावर रोखले की तो आकडा वाचते. शंभराच्या खाली असेल तर चाप ओढला जात नाही. शंभर ते दोनशे नव्याण्णव असेल तर माणूस बधिर होऊन पडतो. तीनशे ओलांडले की ते त्याला जागीच ठार करते. मध्ये न्यायाधीश नाही, वकील नाही, आरोपपत्रही नाही. शंभराच्या वर गेलेल्याला ‘सुप्त गुन्हेगार’ म्हणतात, मग त्याने काही केलेले असो वा नसो.

‘पास’ हा शब्द ध्यानात ठेवा. जपानी उच्चारात ‘सायको-पास’ आणि ‘सायकोपॅथ’ हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. म्हणजे मनाचा परवाना आणि मनोविकृत माणूस, दोन्ही एकाच नावात.

पहिल्याच भागात वादाची ठिणगी पडते. एका निरपराध स्त्रीला एक माणूस पळवून नेतो, तिच्यावर अत्याचार करतो. पोलीस त्याला तिच्या डोळ्यांदेखत संपवतात. भीतीने त्या स्त्रीचाच गुणांक चढतो आणि शस्त्र आता तिच्यावर रोखले जाते. नोकरीचा पहिलाच दिवस असलेली निरीक्षक आकाने त्सुनेमोरी तिच्यावर गोळी झाडू पाहणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला बधिर करते आणि त्या स्त्रीशी बोलत राहते. बोलता बोलता आकडा उतरतो.

हा प्रसंग वैद्यकीय पेशातल्या माणसाला नवा नाही. दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला की काही रुग्णांचा दाब तेवढ्यापुरता वाढतो. घरी, आपल्या खुर्चीत बसून मोजला तर तो ठीक असतो. मोजण्याच्या क्रियेनेच मोजमाप बिघडते. म्हणून कोणताही शहाणा डॉक्टर एका आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू करत नाही. तो रुग्णाला बसवतो, पाणी देतो, विचारपूस करतो, पुन्हा मोजतो. आमच्या होमिओपॅथीत तर रुग्णाची हकीकत ऐकण्यातच पहिली भेट संपते. सिबिलच्या राज्यात नाही ते नेमके हेच, पुन्हा मोजण्याची सवड. आकानेने त्या स्त्रीला ती मिळवून दिली.

आता इतिहासाकडे वळू. गुन्हेगाराला मोजून ओळखण्याचा शास्त्रीय दावा पहिल्यांदा गाजवला तोही एका डॉक्टरनेच. इटलीतील चेझारे लोंब्रोझो यांचा गुन्हेगार माणसावरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. कवटीचा आकार, जबड्याची ठेवण, कानांची घडण यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे इंग्लंडमधील तुरुंगांचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन १९१३ साली आपला निष्कर्ष मांडला: गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना आढळत नाही. एका डॉक्टरने उभे केलेले दुसऱ्या डॉक्टरने पाडले. पण तोवर कल्पना जगभर पोचली होती.

हिंदुस्थानात तर कायदा लोंब्रोझोच्या ग्रंथाच्याही पाच वर्षे आधी आला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद असा होता की या देशात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यात जन्मलेले मूलही त्या व्याख्येत बसे. त्या घोषणेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नसे. नाव नोंदवायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यायचा. होय, पासच! मालिकेच्या नावातला हा शब्द आपल्याकडच्या हजारो माणसांनी कागदाच्या रूपात कनवटीला बाळगलेला आहे.

हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या सुधारणेनंतर तो इतर इलाख्यांतही वापरता येऊ लागला आणि नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही त्यात आला. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. आज यांतली काही गावे कर्नाटकात आणि सोलापूर महाराष्ट्रात असले तरी त्या काळी हा सारा मुलूख एकाच इलाख्यात होता, आणि तारेच्या कुंपणाआडच्या माणसांची भाषा मराठी की कन्नड याने हजेरीत काही फरक पडत नव्हता. कैकाडी, घंटीचोर, हरणशिकारी, पारधी अशा जमातींची माणसे तिथे ठेवली गेली. गिरण्यांना त्यांतून मजूर मिळाले. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभरातून गेला आणि या लोकांना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. नाव बदलले, पण पोलीस ठाण्यातली नजर लगेच बदलली नाही. ती नजर काय असते हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचावे. १९८७ साली आलेल्या या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा सेटलमेंटचे कुंपण निघून छत्तीस वर्षे झाली होती.

मालिका ज्या देशात जन्मली त्या जपानचा इतिहासही याबाबतीत कोरा नाही. १९२५ साली तिथे शांतता संरक्षण कायदा झाला. राज्यव्यवस्था बदलू पाहणाऱ्या किंवा खाजगी मालमत्ता नाकारणाऱ्या संघटनांविरुद्ध तो होता. १९२८ मध्ये त्यात देहदंडाची तरतूद आली. १९३६ साली विचार-गुन्हेगारांवर देखरेख ठेवण्याचा वेगळा कायदा झाला. सुटून आलेल्यावर दोन वर्षे नजर ठेवायची, गरज वाटल्यास मुदत वाढवायची. आणि १९४१ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता आली. आपले मत सोडल्याचे जो कबूल करत नाही त्याला शिक्षा भोगून झाल्यावरही आत ठेवता येऊ लागले, कारण तो पुढे गुन्हा करील असे सरकारला वाटत होते. कम्युनिस्ट पुढारी तोकुदा क्युइची १९२८ साली पकडले गेले आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी सुटले. शेवटची वर्षे त्यांनी शिक्षेपोटी नव्हे, या स्थानबद्धतेपोटी काढली. युद्धात जपान हरला आणि विजेत्यांच्या आदेशाने तो कायदा रद्द झाला, तेव्हाच हे दार उघडले.

अर्ध्या शतकानंतर प्रश्न वेगळ्या वेषात परत आला. जून २००१ मध्ये ओसाकाजवळच्या इकेदा येथील प्राथमिक शाळेत एका माणसाने सुऱ्याने आठ मुलांचा जीव घेतला. त्याला आधी मानसोपचारांची पार्श्वभूमी होती. देश हादरला. २००३ साली नवा कायदा झाला: मनोविकाराच्या अवस्थेत गंभीर कृत्य करणाऱ्याला रुग्णालयात ठेवायचे का, हे न्यायाधीश आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे. इथे कृत्य आधी घडलेले असते आणि सुनावणी होते, हा फरक विसरता कामा नये. पण ‘हा पुढे काय करील’ हा प्रश्न डॉक्टरपुढे आला, तो आलाच. ‘सायको-पास’ पाहणारा जपानी प्रेक्षक या आठवणींसह ती पाहत होता.

आकड्याची बाजूही जुनीच आहे. अमेरिकेत अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२८ साली इलिनॉय राज्यातील पॅरोलवर सुटलेल्या तीन हजार माणसांच्या नोंदी तपासून एकवीस बाबींवरून गुण देण्याची पद्धत मांडली. आज तेच काम संगणक करतो. फ्लॉरिडामध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘कॉम्पास’ या प्रणालीची तपासणी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केली. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशांपैकी काळ्या लोकांना धोकादायक ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते, असे तिला आढळले. यंत्र तटस्थ असते, पण त्याला खायला घातलेल्या जुन्या नोंदी तटस्थ नसतात. ज्या वस्तीत पोलीस जास्त, तिथे अटका जास्त. अटका जास्त म्हणून आकडा मोठा. आकडा मोठा म्हणून पुन्हा पोलीस जास्त. आपल्या हजेरीपटाचे गणित याहून वेगळे नव्हते.

आता चाहत्यांच्या वादाकडे येतो. एक बाजू म्हणते, सिबिलच्या राज्यात रस्ते सुरक्षित आहेत, कुणाला कुलूप लावावे लागत नाही, नोकरीदेखील कुवतीप्रमाणे मिळते. मग हरकत काय? हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या घरी मुलगी रात्री उशिरा कामावरून येते त्यांना विचारा. दुसरी बाजू त्याच मालिकेतला प्रसंग दाखवते. भर रस्त्यात एक माणूस एका स्त्रीला हातोड्याने मारतो आहे आणि भोवतीची माणसे नुसती पाहत उभी आहेत. त्यांना ते क्रौर्य म्हणून कळतच नाही, कारण यंत्राने इशारा दिलेला नाही. बरे-वाईट ओळखण्याचे काम यंत्राकडे सोपवले की ती शक्ती वापराविना झिजते. प्लॅस्टरमध्ये महिनाभर ठेवलेल्या पायाचे स्नायू कसे होतात, ते आपण पाहिलेले असेल.

शिवाय खरा खलनायक शोगो माकिशिमा यंत्राला दिसतच नाही. तो माणसाचा गळा चिरताना त्याचा गुणांक शून्याकडे उतरतो. पुढे कळते की सिबिल हे यंत्र नाहीच. तिला मोजता न आलेल्या अशाच माणसांचे मेंदू जोडून ती बनली आहे. ज्यांचा न्याय करता येत नाही तेच न्यायाधीश झाले आहेत. १८७१ च्या कायद्यातली ती न्यायालयाला बंद केलेली वाट इथे आठवते. प्रश्न विचारण्याची सोय नसलेली सत्ता शेवटी कुणाच्या हाती असते, हे बाहेरच्याला कळत नाही.

मनाच्या रंगाची कल्पना मात्र मला परकी वाटली नाही. जैन परंपरेत लेश्या सहा सांगितल्या आहेत: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठी फांदी, तिसऱ्याला डहाळी, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली फळे, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरेत. गंमत पाहा, झाडाला अजून कुणी हात लावलेला नाही. गोष्ट केवळ मनाची आहे. मनातली हिंसा हीही हिंसाच, असे ही परंपरा बजावते. म्हणजे सिबिलचा पहिला सिद्धान्त आम्हाला मान्यच आहे म्हणायचा. पण पुढची पायरी तिने कधी घेतली नाही. लेश्या परिणामांप्रमाणे बदलत राहते, आणि ती तपासायची असते ती आपली आपण, प्रतिक्रमणाच्या वेळी. पहिल्या वाटसरूच्या मनात कुऱ्हाड आली म्हणून बाकीच्या पाचांनी त्याचे हात बांधावेत, असे कथेत कुठेही नाही. बोलता बोलता तोही सहाव्याचे ऐकेल, ही शक्यता तिथे उघडी आहे.

मालिकेच्या शेवटी आकाने सिबिलचे गुपित जाणते आणि तरीही नोकरीत राहते. काही चाहते तिला भित्री म्हणतात, काही शहाणी. माझे मत विचाराल तर ती बरोबर आहे, असे मी एका अटीवर म्हणेन: पहिल्या दिवशी त्या घाबरलेल्या स्त्रीसाठी तिने जे केले ते ती रोज करत राहिली तर. कायदा एका रात्रीत जात नाही. आपल्याकडचा जायला एक्याऐंशी वर्षे लागली. त्या काळात हजेरी घेणारा माणूसच होता, पास देणारा माणूसच होता, आणि त्यांच्यापैकी एखाद्याने मान वर करून समोरच्याचा चेहरा पाहिला असेल तर त्या दिवसापुरता तरी कुणाचा तरी त्रास कमी झाला असेल.

तेव्हा वाचकहो, घरातली मुले या मालिकेवर भांडत असतील तर टीव्ही बंद करायला सांगू नका. शेजारी बसा आणि त्यांना सोलापूरच्या, हुबळीच्या सेटलमेंटची हकीकत सांगा. बाविसाव्या शतकातली म्हणून ती जी गोष्ट पाहत आहेत, तिचा एक भाग त्यांच्या पणजोबांच्या काळात इथेच होऊन गेला आहे.