दुष्ट पात्रांची उद्दिष्टे (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या धर्तीवरील अद्भुतरम्य भूमिका-खेळांमध्ये खेळाडू काही वेळा नायकांऐवजी दुष्ट पात्रे रंगवतात. अशा पात्रांना कथेत काय मिळवायचे आहे, कशासाठी आणि कोणाच्या विरोधात, याची खेळापूर्वी किंवा खेळाच्या ओघात केलेली निश्चिती म्हणजे दुष्ट पात्रांची उद्दिष्टे होत. खुल्या मोहिमेत, म्हणजे जिथे कथानक आधी आखलेले नसते अशा दीर्घकाळ चालणाऱ्या खेळात, या उद्दिष्टांना विशेष महत्त्व असते. नायकांचा गट उद्दिष्टाविनाही बराच काळ चालू शकतो, दुष्टांचा गट सहसा चालत नाही.

पुढाकाराचा प्रश्न

भूमिका-खेळात एक व्यक्ती सूत्रधाराचे काम करते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तिला डंजन मास्टर म्हणतात. इतर खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात, आणि ज्या कृतींचा निकाल अनिश्चित असतो त्यांचा निर्णय फाशांवर होतो. आखीव मोहिमेत सूत्रधार एक कथा घेऊन येतो. खुल्या मोहिमेत, जिला खेळाडूंच्या बोलीत सँडबॉक्स म्हणतात, तो केवळ जग मांडतो: एखादे नगर, त्याभोवतीचे अरण्य, पडके किल्ले, परस्परांशी वैर असलेली घराणी. कुठे जायचे आणि काय करायचे हे खेळाडूंनी ठरवायचे असते.

या खेळांतील रूढ कथेचे स्वरूप पाहिले तर तिला गती देणारा बहुधा खलपुरुष असतो. तो गाव जाळतो, राजकन्येला पळवतो किंवा निद्रिस्त देवतेला जागे करू पाहतो, आणि त्याला रोखण्यासाठी नायक निघतात. नायकांची भूमिका मुख्यतः प्रतिसादाची असते. ज्याची मुलगी पळवली गेली तो शेतकरी सराईत येऊन मदत मागतो आणि खेळ सुरू होतो. खेळाडूंनीच दुष्ट पात्रे घेतली की ही व्यवस्था कोलमडते. त्यांच्याकडे साहाय्य मागायला कोणी येत नाही, आणि आले तरी त्यांनी ते का करावे याचे उत्तर नसते. साध्य ठरलेले नसेल तर असा गट सराईतच अडकतो. सराईवाल्याशी भांडण होते, त्याचा खून पडतो, पहारेकरी येतात, त्यांनाही मारले जाते, आणि लुटीच्या वाटणीवरून पात्रे एकमेकांवर उठतात. अनेक सूत्रधार दुष्ट पात्रांना सरसकट मनाई करतात. त्यामागे नैतिक आक्षेपापेक्षा हा अनुभव अधिक असतो, कारण पात्रांमधील विश्वासघाताची कटुता टेबलाभोवती बसलेल्या मित्रांमध्येही उतरते आणि कित्येकदा गटच मोडतो.

इतिहास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये टीएसआर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्यात पात्रांचे नैतिक कल तीनच होते: नियम, तटस्थता आणि अराजक. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक या कादंबरीकारांच्या लेखनावरून घेतलेली होती. सुष्ट आणि दुष्ट हा दुसरा अक्ष गायगॅक्स यांनी १९७६ मध्ये एका लेखातून मांडला. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये दोन्ही अक्षांच्या संयोगातून नऊ कल स्थिर झाले. त्यांपैकी नियमनिष्ठ दुष्ट, तटस्थ दुष्ट आणि स्वैर दुष्ट हे तीन या लेखाच्या विषयाशी संबंधित आहेत.

प्रत्यक्ष खेळात दुष्ट पात्रे मात्र या वर्गीकरणाहून जुनी आहेत. आर्नेसन यांची ब्लॅकमूर ही मोहीम अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. तिची मुळे युद्धखेळांत असल्याने काही खेळाडूंनी दुष्टांची बाजू घेणे तिथे स्वाभाविक मानले जाई. तिच्यातील सर फँग हे रक्तपिपासू पिशाच एका खेळाडूचेच पात्र होते. ते इतके प्रबळ झाले की त्याला आवर घालण्यासाठी पिशाचांना पिटाळणारा धर्मगुरू निर्माण करण्यात आला, आणि त्यातूनच खेळातील क्लेरिक हा वर्ग पुढे आला, असे सांगितले जाते.

गायगॅक्स यांच्या ग्रेहॉक मोहिमेत रॉब कुंट्झ हे रोबिलार नावाचा दुष्ट योद्धा चालवत. १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनात खेळवले गेलेले आणि १९७८ मध्ये प्रकाशित झालेले टूम ऑफ हॉरर्स हे भुयार त्याच्या प्राणघातक सापळ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. रोबिलारने आपल्या ऑर्क अनुचरांना पुढे घालून ते पार केले आणि अखेरच्या दालनात झुंज न देता संपत्ती गोळा करून तो चालता झाला. त्याला कीर्ती नको होती, ऐवज हवा होता, आणि त्या एका गोष्टीने त्याचा प्रत्येक निर्णय ठरवला. ग्रेहॉकच्या प्रकाशित इतिहासात इउझ या दैत्यवंशी देवाच्या बंधमुक्तीचे कर्तृत्वही त्याच्याच नावावर आहे.

१९७८ च्या नियमांत मारेकऱ्याचा स्वतंत्र वर्ग होता व तो दुष्टच असावा अशी अट होती. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही धार्मिक व पालक संघटनांनी या खेळावर सैतानी प्रभावाचे आरोप केले. त्यानंतर १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून हा वर्ग गाळला गेला, आणि तेथील डीमन व डेव्हिल या जातींना वेगळी, निरुपद्रवी वाटणारी नावे मिळाली. पुढे वातावरण निवळले. विझर्ड्स ऑफ द कोस्टने २००२ मध्ये माँटी कुक यांचे बुक ऑफ व्हाइल डार्कनेस हे पुस्तक प्रौढ वाचकांसाठी असल्याची सूचना छापून प्रसिद्ध केले.

उद्दिष्टांचे प्रकार

पाचव्या आवृत्तीच्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (२०१४) खलपुरुषांच्या हेतूंची आठ गटांत विभागणी केली आहे: अमरत्व, प्रभाव, जादू, उत्पात, आसक्ती, सत्ता, सूड आणि संपत्ती. हे वर्गीकरण सूत्रधाराच्या ताब्यातील खलपुरुषांसाठी आहे. खेळाडूंच्या पात्रांना ते लावले की सर्व गट सारखे उपयोगी पडत नाहीत.

सत्ता हे खुल्या मोहिमेला सर्वांत मानवणारे उद्दिष्ट होय. जुन्या नियमांत तर त्याची सोय वर्गाच्या रचनेतच होती. नवव्या पातळीचा योद्धा गढी बांधून भोवतालच्या मुलखावर कर बसवू शकत असे. मारेकऱ्याची वाट त्याहून ठळक होती: चौदाव्या पातळीवर जाण्यासाठी त्याला आपल्या संघाच्या प्रमुखाला ठार करून त्याची जागा घ्यावी लागे, आणि पंधराव्या पातळीचे सर्वोच्च पद जगात एकच असे. पात्राला पुढे काय करायचे आहे, हे खेळाडूला कोणी सांगावे लागत नसे. सत्तेचे उद्दिष्ट पायऱ्यापायऱ्यांत मोडते हाही त्याचा गुण आहे. ‘राज्य बळकावणे’ हे एका बैठकीचे काम नाही, पण नदीवरच्या पुलाचा जकातनाका ताब्यात घेणे, राजाच्या कारभाऱ्याला कर्जात अडकवणे, सीमेवरच्या किल्लेदाराला फितवणे ही प्रत्येकी एका बैठकीची कामे आहेत. शिवाय मिळवलेली सत्ता राखावी लागते. त्यामुळे ज्या सराईवाल्याला हकनाक मारले असते, तोच आता कर देणारा रयत ठरतो आणि त्याला जिवंत ठेवण्यात पात्राचे हित असते.

अमरत्वाची ओढ मुख्यतः जादूगार पात्रांना असते. स्वतःचा आत्मा एका पात्रात बंदिस्त करून मृत्यूवर मात करणारा लिच हा त्याचा नमुना होय. वेक्ना या लिचचा हात व डोळा या वस्तू १९७६ च्या एल्ड्रिच विझर्ड्री या पुरवणीत आल्या. पुढील साहित्यात तो देवपदाला पोहोचला. ड्रॅगनलान्स मालिकेतील राइस्टलिन माजेरे हा जादूगार मूळचा खेळाच्या मेजावर घडलेला आहे, आणि त्याचा कुजबुजता आवाज तो चालवणाऱ्या खेळाडूने दिला होता. १९८६ च्या लेजेंड्स कादंबरीत्रयीत तो अंधाराच्या राणीला हटवून स्वतः देव होण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी लागणारे ग्रंथ, सहकारी, प्रवास आणि त्याग यांची साखळी इतकी लांब आहे की एक संपूर्ण मोहीम तिच्यावर उभी राहावी.

सूड हे प्रभावी पण सांत उद्दिष्ट आहे. शत्रू मेला की ते संपते, म्हणून अनुभवी खेळाडू एका माणसाऐवजी एखाद्या घराण्याचा किंवा धर्मपीठाचा सूड निवडतात. संपत्ती एकटी पुरत नाही. ठरावीक टप्प्यानंतर पात्राकडे खर्च करता येईल त्याहून अधिक सोने जमते. उत्पात, म्हणजे विनाशासाठी विनाश, हे सर्वांत दुबळे होय. जगाचा नाश करणे हा सूत्रधाराच्या खलपुरुषाला शोभणारा हेतू आहे, कारण तो साधू नये अशीच खेळाची रचना असते. खेळाडूच्या पात्राने तो साधला तर पुढच्या आठवड्यात खेळायला काही उरत नाही.

दुष्टांच्या उद्दिष्टांनाही नियमांची चौकट असली की ती अधिक रंगतात. याचे उत्तम उदाहरण फरगॉटन रेल्म्स या जगातील मेन्झोबेरान्झन हे भुयारी नगर आहे. तिथे ड्रो जातीची घराणी क्रमवारीत वर चढण्यासाठी दुसऱ्या घराण्याचा समूळ नाश करतात. कायदा त्याकडे डोळेझाक करतो, मात्र तक्रार करायला उच्चकुलीन साक्षीदार जिवंत राहता कामा नये. आर. ए. साल्वाटोर यांच्या होमलँड (१९९०) या कादंबरीचा आरंभच अशा एका रात्रीने होतो: दहाव्या क्रमांकाचे घराणे चौथ्याचा निकाल लावून नवव्या क्रमांकावर सरकते. ‘सर्वांना मारा’ यापेक्षा ‘एकालाही निसटू देऊ नका’ हे कितीतरी अधिक खेळण्याजोगे काम आहे.

गटाची एकजूट

प्रत्येक पात्राला स्वतंत्र उद्दिष्ट असणे पुरेसे नसते, ती उद्दिष्टे एकमेकांना छेदता कामा नयेत. तिघांनाही तेच सिंहासन हवे असेल तर मोहीम अल्पजीवी ठरते. एकाला सिंहासन, दुसऱ्याला राजवाड्यातील निषिद्ध ग्रंथालय आणि तिसऱ्याला राजगुरूचे शिर हवे असेल, तर तिघांनाही तोच राजवाडा पाडावा लागतो आणि सहकार्य स्वार्थातूनच उपजते.

प्रकाशित साहसकथांनी एकजुटीसाठी बाहेरचा दाब वापरला आहे. पाथफाइंडर या खेळासाठी फायर माउंटन गेम्सने काढलेल्या वे ऑफ द विकेड या मालिकेत पात्रे एका तुरुंगात शिक्षेची वाट पाहत असतात. तिथून सुटका करणाऱ्या धर्माध्यक्षापुढे त्यांना अस्मोडियस या नरकाधिपतीच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागते, आणि तालिनगार्ड हे धर्मनिष्ठ राज्य उलथवणे हे समान कार्य त्यांच्या हाती येते. पाइझोच्या हेल्स व्हेंजन्स (२०१६) मध्ये पात्रे चेलियाक्स या सैतानपूजक राजसत्तेचे हस्तक म्हणून बंड मोडून काढतात. दोन्ही ठिकाणी गटापुढे निश्चित स्वामी आणि निश्चित शत्रू आहे. अर्थात, स्वामीने दिलेली कामे करणारा गट कितपत खुल्या मोहिमेत आहे हा प्रश्न उरतोच. म्हणून काही सूत्रधार स्वामीला मध्यावर दूर करून पुढची सूत्रे खेळाडूंकडे सोपवतात.

तीन दुष्ट कलांपैकी नियमनिष्ठ दुष्ट हा गटात सर्वांत सहज सामावतो, कारण दिलेला शब्द तो स्वार्थासाठी का होईना पाळतो. अ‍ॅडव्हेंचरर्स लीग या संघटित खेळाच्या सुरुवातीच्या नियमांत केवळ याच दुष्ट कलाला परवानगी होती, तीही दोन ठरावीक पक्षांच्या सदस्यांना. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (१९७७) भारतीय पुराणांतून उचललेल्या राक्षसालाही नियमनिष्ठ दुष्ट ठरवले आहे, यात मराठी वाचकाला गंमत वाटेल. वाघाचे मुख आणि हातात चिलीम असे त्याचे तेथील चित्र मात्र आपल्याकडच्या दशमुखी कल्पनेपासून दूरच आहे.

सूत्रधाराचे काम

दुष्टांच्या मोहिमेत सूत्रधाराची तयारी उलटी होते. त्याला खलपुरुषाचा कट रचायचा नसतो, तर त्या कटाला होणारा विरोध रचायचा असतो: सजग किल्लेदार, चाणाक्ष न्यायाधीश, पात्रांच्या मागावर असलेला पॅलाडिनांचा जथा. पात्रांच्या प्रत्येक कृत्याची बातमी कोणाकडे आणि किती दिवसांत पोहोचते याची नोंद ठेवली, तर जग आपोआप प्रत्युत्तर देऊ लागते. रिव्हर्स डंजन (२००० ) या पुस्तकाने ही उलटापालट टोकाला नेली. त्यात खेळाडू गुहेतील राक्षसी जीव होतात आणि लुटायला येणाऱ्या साहसवीरांपासून आपले घर राखतात.

संगणकावरील खेळांना हे साधणे कठीण जाते, कारण तिथे प्रत्येक वाट आधी लिहून ठेवावी लागते. परिणामी दुष्टांसाठीची वाट अनेकदा नायकाच्याच कामगिरीची अधिक निष्ठुर आवृत्ती असते. बाल्डर्स गेट ३ (२०२३) मधील डार्क अर्ज हे पात्र त्याला काहीसा अपवाद म्हणता येईल. रक्तपाताची अनावर ऊर्मी आणि विस्मृतीत गेलेला भूतकाळ यांमुळे त्याला स्वतःची वेगळी कथा आहे.

मर्यादा

कोणती कृत्ये खेळात येऊच नयेत आणि कोणती पडद्याआड उरकावीत हे आधी ठरवण्याची पद्धत रॉन एडवर्ड्स यांच्या ‘लाइन्स अँड व्हेल्स’ या संज्ञेने ओळखली जाते. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांच्या एक्स-कार्डमुळे कोणीही खेळाडू कारण न सांगता चालू प्रसंग थांबवू शकतो. अशा चर्चेसाठी मोहिमेपूर्वी घेतल्या जाणाऱ्या बैठकीला ‘सेशन झिरो’ म्हणतात. टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग (२०२०) या अधिकृत पुस्तकात तिचे मार्गदर्शन आहे. दुष्ट पात्रांच्या मोहिमेत उद्दिष्टेही याच बैठकीत ठरवणे सोयीचे पडते.

मोहिमेनंतर

उद्दिष्ट साधलेले दुष्ट पात्र बहुधा सूत्रधाराच्या स्वाधीन होते, आणि त्याच जगातील पुढच्या मोहिमेत नव्या नायकांसमोर प्रतिपक्ष म्हणून उभे राहते. रोबिलारचे तसेच झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशित झालेल्या ग्रेहॉक साहित्यात तो रॅरी या जादूगाराच्या विश्वासघातातील साथीदार म्हणून येतो, आणि ब्राइट डेझर्ट या वाळवंटात दोघे मिळून नवे राज्य उभारू लागतात.