उष्म्याचा जमाखर्च

ज्या चार्ल्स बॅबेजला संगणकाचा आद्य कल्पक मानण्याचा प्रघात पडून गेला आहे, तो उत्तरायुष्यात लंडनच्या रस्त्यांवरील बाजेवाल्यांशी अखंड भांडत होता. त्यांच्या कलकलाटापायी आपल्या बौद्धिक कामाचा मोठा हिस्सा वाया गेला अशी त्याची तक्रार होती, आणि १८६४ साली ब्रिटिश पार्लमेंटने रस्त्यावरील वादनाला पायबंद घालणारा जो कायदा केला, त्यामागे इतरांबरोबर त्याच्या खटपटीचाही हात होता. अशा गृहस्थाच्या कल्पनेचा वारसा सांगणाऱ्या यंत्राने पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी घरोघरच्या मेजावर बसून स्वतःच अहोरात्र घरघर करावी, आणि ती थांबवण्यासाठी सुटे भाग पारखून घेण्याची एक वेगळीच विद्या जन्माला यावी, ह्यात काळाने थट्टाच केली म्हणायची.

ह्या घरघरीचे मूळ कारण मात्र आवाजात शोधून सापडणारे नाही. संगणक हे वीज घेऊन उष्णता देणारे यंत्र आहे. पडद्यावर त्याने कितीही मोठा पराक्रम गाजवला तरी भिंतीतून घेतलेल्या शंभर वॅटपैकी जवळजवळ सगळेच वॅट अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीच्या हवेत जमा होतात. ही उष्णता साचू दिली तर भाग जळतात, हाकलून लावायची तर वारा लागतो, आणि वाऱ्यामागोमाग आवाज आलाच. शांत आणि थंड संगणकाचा सारा इतिहास म्हणजे ह्या जमाखर्चाशी माणसांनी घातलेली हुज्जत होय. आणि तीत बहुतेकांनी वर्षानुवर्षे खर्चाच्या बाजूवर, म्हणजे उष्णता बाहेर कशी काढावी ह्यावरच, सारी बुद्धी वेचली, जमेच्या बाजूला कोणी फारसा हात घातला नाही.

आरंभीच्या काळी आवाजाची फिर्याद घेऊन जाणारेच कोणी नव्हते. १९४६ साली फिलाडेल्फियात जाहीर झालेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, तो सुमारे दीडशे किलोवॅट वीज खाई, आणि त्याच्या अंगावर वारा घालण्यासाठी मोठमोठे झोत-पंखे लावावे लागत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला आणि १९६० साली रीतसर कामाला लागलेला टिफ्रॅक त्या मानाने आटोपशीर, तरी त्यातही २,७०० च्या आसपास नळ्या होत्याच. अशा यंत्रांचा मुक्काम स्वतंत्र दालनात असे, त्यांच्यासाठी वातानुकूलनाचा जंगी बंदोबस्त केलेला असे, आणि माणूस तेथे पाहुण्यासारखा जाऊन काम आटोपून परत येई. सिमोर क्रेच्या १९७६ सालच्या महासंगणकात फ्रिजमधल्यासारखे शीतक खेळवलेले होते, आणि १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर मंडलांचे सगळे थरच वीज वाहून न नेणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवले होते. ह्या सर्व तजविजी थोर खऱ्या, परंतु त्यांचा हेतू यंत्र जगवणे एवढाच होता.

तंटा उपस्थित झाला तो यंत्र दालन सोडून मेजावर आले तेव्हा, आणि त्यातला पहिला वादी स्टीव्ह जॉब्ज हा होता. शेजारी पंखा गुरगुरत असताना माणसाला विचार करता येत नाही, असा त्याचा आग्रह असे, आणि १९७७ च्या ॲपल-२ मध्ये तो आग्रह शोभूनही गेला. कारण रॉड हॉल्ट नावाच्या अभियंत्याने त्या यंत्रासाठी जुन्या पद्धतीचा अवजड, तापणारा वीजपुरवठा टाकून देऊन स्विचिंग जातीचा वीजपुरवठा योजला, आणि त्यात मुळात उष्णताच कमी निपजत असल्यामुळे पंख्याची गरज राहिली नाही. उष्णता हाकलण्यापेक्षा ती निपजूच न देणे शहाणपणाचे, हा धडा येथे प्रारंभीच लिहून ठेवलेला होता; पण तीनच वर्षांनी ज्यांनी तो लिहिला तेच तो विसरले. १९८० च्या ॲपल-३ मध्ये भाग वाढले, पंखा मात्र नाहीच, आणि उष्णता सोडण्याची जबाबदारी ॲल्युमिनियमच्या ओतीव तळपेटीवर टाकण्यात आली. यंत्रे तापू लागली, चिपा आपापल्या खोबणीतून सैल होऊ लागल्या, आणि संगणक मेजावरून दोन-तीन इंच उचलून खाली आपटावा म्हणजे चिपा जागच्या जागी बसतात, असा सल्ला ग्राहकांना देण्याची पाळी आली. पेटीचा रचनाकार जेरी मॅनॉक ह्याने दोष पेटीच्या माथी मारण्यास हरकत घेतली; त्याच्या मते खरा गुन्हा मुख्य मंडलावरील अतिसूक्ष्म आणि अपरिपक्व तारकामाचा होता. हा बचाव अगदीच निराधार वाटत नाही. तथापि बाजाराने निकाल पंखाविरहित पेटीच्या विरोधात दिला आणि तो पुष्कळ काळ कायम राहिला.

जॉब्जने तो मानला नाही. १९८४ चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचाच निघाला, तापला तेव्हा लोकांनी त्याला पाव भाजण्याच्या यंत्राचे टोपणनाव दिले, आणि त्याच्या डोक्यावर बसवायचे पंखे दुसऱ्या कंपन्यांनी विकून पैसा केला. जॉब्ज कंपनीतून गेल्यावर १९८७ साली मॅकिंटॉश एसईमध्ये पंखा आला. पुढे जॉब्ज परतला आणि २००० साली त्याने काचेसारख्या स्वच्छ आवरणातला, मधल्या पोकळीतून गरम हवा आपोआप वर चढेल अशा बेताचा, बिनपंख्याचा घनाकृती संगणक काढला. तो वर्षभरातच बंद करावा लागला. अशी चिकाटी दुर्मिळ, परंतु हट्टाने उष्णता निवत नाही हेही तितकेच खरे.

दुसरीकडे आयबीएमने १९८१ साली आपला पीसी आणला तेव्हा त्याच्या साडेत्रेसष्ट वॅटच्या वीजपुरवठ्यातच पंखा बसवून टाकला, आणि ती वहिवाट जगभर पडली. आतला ८०८८ हा प्रोसेसर इतका थंड होता की त्यावर धातूचा साधा तुकडाही चढवावा लागत नसे. ४८६ च्या काळात पन्हाळीदार ॲल्युमिनियमचे ठोकळे आले, १९९३ च्या पेंटियमच्या आगेमागे ठोकळ्यावर छोटा पंखा आला, आणि नंतर मेगाहर्ट्झच्या चढाओढीत पंख्याने सगळी मर्यादा सोडली. २००१ च्या सुमारास हौशी मंडळी साठ मिलिमीटरचा आणि मिनिटाला सात हजार फेऱ्या घेणारा पंखा प्रोसेसरवर चढवीत; त्याचा स्वर दुसऱ्या खोलीतही पिच्छा सोडीत नसे. २००३ साली एन्व्हिडियाने काढलेल्या एका ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याची इतकी टवाळी झाली की शेवटी कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत तयार केली.

ह्याच सुमारास शांततेच्या उपासकांचा एक पंथ उदयाला आला, आणि मला त्याचे कौतुक वाटते ते त्याच्या कारागिरीमुळे. हे लोक कारखानदार नव्हते. हाती पेचकस आणि कातर घेऊन बसणारे गृहस्थ होते. त्यांनी पहिला शोध लावला तो पंख्याच्या गणिताचा. फेऱ्या निम्म्या केल्या तर वारा निम्मा होतो, पण आवाज मात्र पंधरा डेसिबलच्या आसपास उतरतो. आणि एकशेवीस मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्र ऐंशीच्या पंख्याच्या सव्वादोनपट असते. तेव्हा मोठा पंखा संथ फिरवावा, छोटा पंखा वेगाने फिरवू नये. संथ फिरवण्याची त्यांची युक्तीही मोठी गमतीची. वीजपुरवठ्यातून येणाऱ्या पिवळ्या तारेत बारा व्होल्ट आणि तांबडीत पाच. पंख्याची एक तार पिवळीला व दुसरी, जमिनीऐवजी, तांबडीला जोडली की मधले अंतर सात व्होल्टचे उरते, आणि बारा व्होल्टवर गर्जणारा पंखा सातावर कुजबुजू लागतो. हार्ड डिस्कची थरथर लोखंडी पेटीत उतरून गुंजू नये म्हणून ते ती स्क्रूने आवळण्याऐवजी शिवणकामाच्या इलॅस्टिकवर, पाळण्यात मूल ठेवावे तशी, टांगून ठेवीत. पेटीच्या मागच्या बाजूस पत्र्यातच ठोकलेली जाळी वाऱ्याला अडवून शिट्टी वाजवते हे ध्यानात आल्यावर ती जाळी सरळ कापून टाकीत. सीगेटने २००१ साली गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी द्रवाच्या बेअरिंगवर फिरणारी बॅराकुडा डिस्क आणली, तेव्हा तिची एकसुरी किणकिण नाहीशी झाल्याचा आनंद ह्या पंथात सणासारखा साजरा झाला असल्यास नवल नाही.

पण ही सारी खटपट खर्चाच्याच बाजूची होती, आणि २००४ साली ती बाजू पार कोलमडली. रॉबर्ट डेनार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतसे त्याचे व्होल्टही उतरतात आणि उष्णता आटोक्यात राहते. तीस वर्षे ह्या नियमाने कारखानदारांना जणू सनदच दिली होती. नव्वद नॅनोमीटरच्या टप्प्यावर मात्र बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज पाझरू लागली. इंटेलचा प्रेस्कॉट हा पेंटियम-४ त्या वर्षाच्या फेब्रुवारीत आला तो शंभर वॅटच्या घरात तापतच. त्याचा नियोजित वारस टेजस मे महिन्यात रद्द झाला, चार गिगाहर्ट्झचे आश्वासनही मागे घ्यावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट ह्यांनी भर सभेत, अर्ध्या विनोदाने का होईना, गुडघा टेकून त्याबद्दल माफी मागितली. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्स नावाची एक नवी पेटी-रचना पुढे केली होती, जिच्यात बाहेरचा थंड वारा प्रथम थेट प्रोसेसरवर आदळे. आजार तसाच ठेवून वारा घालण्याचा हा शेवटचा अधिकृत उपाय, आणि तो दोनेक वर्षांत गुंडाळण्यात आला.

उतारा भलत्याच ठिकाणाहून आला. इंटेलच्या इस्रायलमधील हैफा येथील मंडळींनी मांडीवरच्या संगणकासाठी, म्हणजे बॅटरीच्या तुटपुंज्या शिध्यावर जगण्यासाठी, पेंटियम-एम हा प्रोसेसर घडवला होता, आणि २००३ पासून तो पंचवीसेक वॅटमध्ये असे काम उरकीत होता की मेजावरच्या मोठ्या भावाला लाज वाटावी. शांततेच्या पंथाने तो ताबडतोब हेरला. २००५ साली असुसने एक छोटे जोडपट्ट काढले, ज्यामुळे हा प्रोसेसर पेंटियम-४ च्या काही मदरबोर्डांवर बसू लागला, आणि ज्यांनी तो प्रयोग केला त्यांना संथ पंखा पुरून उरला. ह्याचे गणित सोपे आहे. प्रोसेसरची कामकाजी वीज व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.४ व्होल्टवरचे काम १.१ व्होल्टवर उरकता आले तर, वेग तोच ठेवूनही, ह्या विजेत सुमारे ३८ टक्के बचत होते. एएमडीने तर आपल्या ॲथलॉन-६४ मध्ये २००३ सालीच अशी सोय केली होती की काम नसेल तेव्हा प्रोसेसरने वेग आणि व्होल्ट दोन्ही आपणहून उतरवावेत, आणि ह्या कामाचे श्रेय तिला द्यावे तितके दिले जात नाही. २००६ च्या जुलैमध्ये हैफाच्याच वळणाचा कोअर-२ आला, पासष्ट वॅटमध्ये बसला, आणि गर्जणाऱ्या पंख्यांचा अंमल संपला.

पुढच्या सुधारणांची नोंद थोडक्यात पुरे. २००४ साली अमेरिकेत वीजपुरवठ्यांसाठी ८० प्लस हा दाखला सुरू झाला. सत्तर टक्के कार्यक्षमतेचा वीजपुरवठा दोनशे वॅट देताना स्वतःच्या पोटात श्याऐंशी वॅट तापवतो, नव्वद टक्क्यांचा बावीसच, तेव्हा ह्या कागदी वाटणाऱ्या दाखल्याने किती पंखे शांत केले असतील ह्याचा अंदाज वाचकाने करावा. लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने १९६३ साली अवकाशविज्ञानासाठी सिद्ध केलेली उष्णतानलिका, जिच्या तांब्याच्या पोटात किंचित पाणी वाफ होऊन थंड टोकाला जाते आणि निवून वातीतून परत येते, ती आता प्रत्येक बऱ्या कूलरमध्ये आढळते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने २०१८ साली पात्याचे टोक आणि चौकट ह्यांत अर्ध्या मिलिमीटरचे अंतर राखणारा पंखा काढला. आणि इलॅस्टिकवर टांगलेली हार्ड डिस्क एसएसडी आल्यावर स्मरणवस्तू झाली.

आमच्या मुलखात ही विद्या उशिरा आणि वाकड्या वाटेने आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याला म्युनिसिपालिटीच्या दप्तरात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, असेंबल केलेला संगणक घेणारा गिऱ्हाईक प्रोसेसर आणि रॅमवर घासाघीस करी, आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा, कॅबिनेटबरोबर जो फुकट येई तो मुकाट्याने स्वीकारी. त्यावर ४५० वॅटचा शिक्का असे, आणि तो कोणी मारला हे विचारण्याची रीत नव्हती. आवाजाची तक्रारही आपल्याकडे क्वचित होई, कारण डोक्यावर छताचा पंखा त्याहून मोठ्याने फिरत असतो. पुण्यात डिसेंबरात तो बंद झाला म्हणजे मग संगणकाची घरघर प्रथम कानी पडते.

शिवाय हवेचा फरक आहे. परदेशी परीक्षकांची शांततेची प्रशस्तिपत्रे वीस-बावीस अंशांच्या खोलीत लिहिलेली असतात. जो कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा चाळीस अंश वर ठेवतो, तो व्हिएन्नात बासष्टावर आरामात थांबेल, आणि तोच नागपूरच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या खोलीत, ब्याऐंशीवर जाऊन पोहोचेल. हल्लीचे पंखे तापमान पाहून वेग बदलत असल्यामुळे तेथे निःशब्द असलेले यंत्र येथे ओरडू लागेल, आणि जाळीवर धूळ बसली की आणखीच. तेव्हा यंत्र जोडून घेणाऱ्याने पंख्यांच्या दुकानी आधी जाऊ नये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड भरल्या कामात किती वॅट घेतात हे प्रथम विचारावे, एसएमपीएस स्वतंत्र आणि नावाजलेला घ्यावा, आणि कूलर निवडताना हिशेब मे महिन्याच्या दुपारचा करावा.