प्लॅस्टरची माणसे आणि मातीचे कारागीर

मातीस आकार देणे हा ज्या ज्ञातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, तिच्या स्मरणिकेत पुतळ्यांविषयीचा लेख अस्थानी वाटू नये. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र देवमूर्ती किंवा थोर पुरुषांची स्मारके हा नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्यास मानवी शरीराची ठेवण, प्रमाण व स्नायूंची रचना समजावी एवढ्याच हेतूने जे पुतळे घडविले व विकले जातात, त्यांची ही हकीकत आहे. ह्या पुतळ्यांस कोणी हार घालीत नाही व त्यांचे अनावरणही होत नाही. तथापि महाराष्ट्रातील चित्र-शिल्पकलेचे आधुनिक शिक्षण ज्या पायावर उभे राहिले, त्यात त्यांचा भाग थोडाथोडका नाही.

त्यांची गरज का पडली? जिवंत मनुष्य समोर बसविला तर तो थकतो, हालतो, आणि त्यास दिवसाची मजुरी द्यावी लागते. प्लॅस्टरचा पुतळा महिनाभर एकाच प्रकाशात तसाच उभा राहतो. तो पांढरा असल्याने उजेडापासून अंधारापर्यंतची प्रत्येक पायरी त्यावर निराळी दिसते. ह्यापुढची पायरी म्हणजे त्वचा काढून टाकलेला स्नायुपुतळा. ऊदाँ ह्या फ्रेंच शिल्पकाराने १७६७ साली रोम येथे, मृतदेहांचा अभ्यास करून, एक हात पुढे केलेला असा पुतळा घडविला. त्याच्या प्रतिकृती पुढे यूरोपातील कलाशाळांतून पसरल्या. लंडनच्या रॉयल अकॅडमीने तर १७७६ साली ह्याहून भयंकर मार्ग धरला. फाशी दिलेल्या एका माणसाचे कातडे सोलून, ‘मरणोन्मुख गॉल’ ह्या प्राचीन शिल्पाच्या बैठकीत त्याचा देह ठेवून, शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर व शिल्पकार कार्लिनी ह्यांनी त्यावरून प्लॅस्टरचा पुतळा काढला. तो मनुष्य चोरटा व्यापार करणारा होता असे समजून विद्यार्थ्यांनी पुतळ्यास ‘स्मगलेरियस’ हे थट्टेचे लॅटिन नाव दिले. विद्येसाठी का होईना, एका अभाग्याच्या देहाची ही विटंबनाच होय.

एकोणिसाव्या शतकात ह्या प्रतिकृतींचा रीतसर व्यापार सुरू झाला. इटलीतून लंडनला आलेला डोमेनिको ब्रुच्यानी हा त्यातील सर्वांत नावाजलेला साचेकार. हात, पाय, मस्तके, संपूर्ण देह असे जे ज्या शाळेस हवे ते त्याच्या कारखान्यातून मिळे. त्याच्या पश्चात, १९२२ साली, तो व्यवसाय सरकारी शिक्षणखात्याने आपल्याकडे घेतला आणि १९५१ पर्यंत चालविला. प्लॅस्टरच्या हातापायांसाठी सरकारास दुकान चालवावे लागले, ह्यावरून त्यांची मागणी केवढी होती हे कळून येईल.

आमच्या मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, आणि तिच्याबरोबर ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृतीही आल्या. रायगड-रत्नागिरीकडून आलेला मुलगा अपोलोच्या नाकाची रेषा घोटू लागला. ह्यावर पुढे पुष्कळ टीका झाली व ती सर्वस्वी निराधार नव्हती. १८९६ साली कलकत्त्याच्या कलाशाळेची सूत्रे हाती घेतलेल्या हॅवेल ह्यांनी तेथे पाश्चात्त्य नमुने बाजूस सारले. मुंबईने तसे केले नाही. मुंबईने चूक केली असे आम्हांस वाटत नाही. मात्र परदेशी नमुन्यांबरोबर येथे साच्याची विद्याही रुजली, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून बहुधा सुटते.

ह्या विद्येचा एक दाखला आपल्या मुलुंडपासून फार दूर नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे. गाडीने तेथे तासाभराच्या आत पोहोचता येते. १८६८ साली सरकारने कलाशाळेचे टेरी ह्यांच्या हाताखाली एक मंडळी तेथे पाठविली. तिने मंदिराची रेखाचित्रे व छायाचित्रे तर घेतलीच, शिवाय कोरीव कामाचे साचे काढून प्लॅस्टरच्या प्रतिकृतीही तयार केल्या. अपोलोशेजारी आता शिलाहारकालीन मूर्तींची अंगे अभ्यासास मिळणे शक्य झाले. दुसरा दाखला आपण रोज पाहतो, किंवा खरे तर पाहात नाही. सकाळच्या गाडीने बोरीबंदरास, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, उतरल्यावर मान वर करण्यास कोणास सवड असते? १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूवरील पशु-पक्षी, पाने व मुखवटे हे ह्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे काम. अशा कामात आकृती आधी मातीत घडवितात, मग प्लॅस्टरमध्ये ओततात आणि त्या नमुन्यावरून दगड कोरतात.

येथे साच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण सारा व्यापार त्यावर अवलंबून असतो. गोदंती, म्हणजे जिप्सम, भाजून त्यातील बहुतेक पाणी उडवावे की प्लॅस्टर होते. त्यात पुन्हा पाणी घातले की ते काही मिनिटांत दगडासारखे घट्ट होते. मातीच्या पुतळ्यावर साधा साचा घेतला तर आतील प्रत काढताना तो फोडावा लागतो, व हाती एकच प्रत येते. विक्रीसाठी तुकड्यांचा साचा करावा लागतो. काख, बोटांमधील सांदी, कानाची पाळी ह्या जागी प्लॅस्टर अडकते. म्हणून प्रत्येक अडचणीच्या ठिकाणी निराळा तुकडा पाडून, साबण व तेल लावून, ते सर्व तुकडे बाहेरच्या कवचात बसवावे लागतात. कोठे तुकडा पाडावा हे ज्यास कळते त्यास शरीर कळते. पुढे सरसाचे लवचिक साचे आले आणि आता रबर व सिलिकोनचे आहेत, तरी हे ज्ञान जुने झालेले नाही. प्रत्येक प्रतीगणिक साचा झिजतो. पन्नासाव्या प्रतीत बरगडीची कड बोथट झाली तर विद्यार्थी बोथट बरगडीच खरी समजून शिकतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक प्रथम जोड व कडा पाहतो आणि मगच किंमत विचारतो.

परंतु ह्या कारागिरांची नावे कोठे आहेत? अंबरनाथच्या कामाशी नाव जोडले जाते ते टेरी ह्यांचे. भायखळ्याच्या, १८७२ साली खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिमा आहेत. त्यांतील पोशाख व पागोटी पाहण्यासारखी आहेत. तेथे कोणती प्रतिमा कोणत्या जमातीची हे कळते. ती घडविणारा हात कोणाचा हे विचारण्याची बुद्धी त्या काळी फारशी कोणास झाली नाही. ज्या ज्ञातीत ही विद्या घरोघर होती, तिला ह्याची खंत वाटणे स्वाभाविक आहे.

ह्या शिक्षणातून काय निघाले, हे गणपतराव म्हात्रे ह्यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६ च्या सुमारास, दाखवून दिले. पूजेचे साहित्य घेऊन देवळास निघालेल्या तरुणीचा त्यांचा प्लॅस्टरचा पुतळा ‘मंदिरपथगामिनी’ म्हणून प्रसिद्ध आहे. रवीन्द्रनाथांनी त्यावर बंगालीत स्वतंत्र लेख लिहिला. एका पायावर भार टाकून उभे राहण्याची तिची ढब ग्रीक पुतळ्यांकडून आलेली आहे, हे कोणीही मान्य करील. नऊवारीच्या घड्यांखालील देह मात्र महाराष्ट्रातील स्त्रीचा आहे. पुढे १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन कलाशाळेचे प्रमुख झाले व लवकरच विवस्त्र व्यक्तीस समोर ठेवून अभ्यास करण्याचे वर्ग निघाले. तेव्हापासून प्लॅस्टरच्या माणसांची सत्ता ओसरू लागली.

आज हे पुतळे रेझिनचे मिळतात, सांध्यांत वळणाऱ्या बाहुल्यांच्या रूपात मिळतात, आणि संगणकावरून यंत्राने छापूनही निघतात. त्यांतील देह बहुधा एकाच पिळदार तरुणाचा असतो. वाकलेली म्हातारी, डोक्यावर ओझे पेललेला हमाल, बाळंतीण ह्यांची शरीरे शिकावयाची तर विकतचा नमुना क्वचितच सापडतो. गणेशोत्सवापूर्वी मुलुंडच्या मंडपांतून रबरी साचे ज्या सफाईने सोलले जातात, ती सफाई पाहता असे नमुने येथे तयार होणे अशक्य नाही. प्लॅस्टरच्या विसर्जनाचा जो वाद मूर्तिकारांस ग्रासतो, तोही येथे उद्भवत नाही, कारण ही वस्तू पाण्यात सोडावयाची नसून वर्गात ठेवावयाची आहे.

अशा देहांचे नमुने कसे असावेत हे पाहावयाचे असेल त्याने अलिबागजवळ सासवण्यास जावे. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) तेथलेच. त्यांच्या घरी गणपती घडवीत असत. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या नजरेस त्यांचे काम पडले आणि त्यांनीच त्यांस मुंबईच्या कलाशाळेत धाडले. पुण्यातील १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण सासवण्याच्या घरात जी शिल्पे आहेत त्यांत कोळीण आहे आणि म्हैसही आहे, व त्यांतील पुष्कळशी साध्या सिमेंटची आहेत. त्या म्हशीच्या खांद्याचे हाड कातड्याखाली कोठे सरकते, हे हात फिरवून पाहिले तरी कळते.