एक आकडा, एक रंग, आणि न दिलेला सल्ला

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ दररोज दुपारी चार वाजता देशातील शहरांचे हवा गुणवत्ता पत्रक प्रसिद्ध करते. दिल्ली, मुंबई, पुणे या परिचित नावांच्या रांगेत गुम्मिडिपूंडी हेही एक नाव असते. चेन्नईच्या उत्तरेस, आंध्रच्या सीमेलगत तिरुवळ्ळूर जिल्ह्यात वसलेले हे गाव पोलादाच्या भट्ट्यांसाठी आणि जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. पत्रकात त्याच्या वाट्याला एक आकडा आणि एक विशेषण येते.

ही पद्धत फार जुनी नाही. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याने राज्य मंडळांवर प्रदूषणाची माहिती गोळा करून ती प्रसृत करण्याचे आणि लोकशिक्षणाचे काम सोपवले होते. तथापि पुढची तीन दशके ही माहिती बहुतांशी मायक्रोग्रॅमच्या कोष्टकांतच राहिली; सामान्य नागरिकाला त्यातून काही उमगणे अवघड होते. १७ ऑक्टोबर २०१४ रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाची घोषणा केली. एक आकडा, एक रंग, एक वर्णन असे त्याचे सूत्र होते. एप्रिल २०१५ मध्ये तो दहा शहरांसाठी सुरू झाला. लोकांना कळेल असे काही तरी हवे होते आणि ते मिळाले, हे श्रेय नाकारता येणार नाही.

उणीव वर्णनात राहिली. निर्देशांकाच्या सहा श्रेणींपुढे आरोग्यावरील परिणाम लिहिलेले आहेत. ‘समाधानकारक’पुढे संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किंचित त्रास, ‘वाईट’पुढे दीर्घकाळ संपर्कात राहिल्यास बहुतेकांना त्रास. काय होईल हे त्यात आहे. काय करावे हे नाही. दम्याच्या मुलाला मैदानावर पाठवावे की नाही, गर्भवतीने सकाळचे फिरणे टाळावे की नाही, याचे उत्तर त्या कोष्टकात शोधूनही सापडत नाही.

उदाहरण घेऊ. चोवीस तासांची पीएम २.५ची सरासरी घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक साधारण ९१ येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. अमेरिकेत हीच हवा ‘संवेदनशील गटांसाठी अपायकारक’ गणली जाते, आणि मुले, वृद्ध व हृदय-फुप्फुसांचे रुग्ण यांनी बाहेरचे श्रम कमी करावेत, असे तेथे स्पष्ट सांगितले जाते. दोन्हीकडे मोजणी सारखीच. सूचना मात्र एकीकडेच. असा सल्ला आपल्याकडे अशक्य होता असेही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाने पुण्यात २०१३ पासून हवेच्या पूर्वानुमानासोबत आरोग्यविषयक सूचनाही दिल्या. दिल्लीसाठी २०१७ मध्ये प्रदूषणाच्या पातळीनुसार टप्प्याटप्प्याने निर्बंध घालणारा आराखडा अधिसूचित झाला. गुम्मिडिपूंडीसारख्या औद्योगिक गावाच्या वाट्याला मात्र विशेषणच आले.

त्यातही एक गफलत आहे, आणि ती अधिक गंभीर. निर्देशांक आठ प्रदूषकांसाठी आखलेला असला, तरी त्या दिवशी मोजलेल्या प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वाधिक, तोच अंतिम आकडा. शिसे त्या आठांत आहे. पण स्वयंचलित केंद्रे ते तासागणिक मोजत नाहीत, म्हणून रोजच्या आकड्यात ते उतरत नाही. राष्ट्रीय मानकांत असलेले आर्सेनिक आणि निकेल तर निर्देशांकात नाहीतच. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते, आणि त्याची सुरक्षित पातळी ज्ञात नाही. ज्या गावात ते वितळवले जाते, तेथे ‘समाधानकारक’ हा शब्द शिशाविषयी काहीच सांगत नसतो; वाचणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो.

शिशाचे मापन गाळणीच्या कागदावर धूळ साठवून, पुढे प्रयोगशाळेत पृथक्करण करून होते. निकाल हाती येतो तेव्हा त्या दिवसाचे चार वाजताचे पत्रक केव्हाच मागे पडलेले असते.