निवाडा आणि त्यापूर्वींची शिस्त

मालक व मजूर यांचा तंटा पंचांपुढें गेला म्हणजे लोकांचें लक्ष बहुधा निवाड्याच्या आंकड्याकडे लागतें. टक्के किती मिळाले, सरशी कोणाची झाली, एवढेंच विचारलें जातें. परंतु निवाडा होईपर्यंत उभय पक्षांनीं कसें वागावें हें आधीं ठरलेलें नसेल, तर अत्यंत न्यायी पंचाचाहि इलाज चालत नाहीं. या दृष्टीनें अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणी-तंट्याचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

१९१७ सालीं त्या शहरांत प्लेगची सांथ होती. मजूर गांव सोडून जाऊं नयेत म्हणून मालकांनीं त्यांस बोनस दिला. कांहीं ठिकाणीं तो पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत होता. सांथ ओसरतांच तो बंद करण्याचा बेत झाला; पण महागाई ओसरली नव्हती. मजुरांनीं ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले. फेब्रुवारी १९१८ मध्यें पंचमंडळ नेमण्यांत आलें. मजुरांतर्फे गांधीजी, वल्लभभाई पटेल व शंकरलाल बँकर, मालकांतर्फे अंबालाल साराभाई प्रभृति तिघे, आणि सरपंच म्हणून जिल्ह्याचे कलेक्टर. माणसांत उणें कांहींच नव्हतें. पण चौकशी चालू होण्यापूर्वींच कांहीं गिरण्यांतील मजुरांनीं गैरसमजानें काम बंद केलें. गांधीजींनीं चूक कबूल करून ती सुधारण्याची तयारी दाखविली. तथापि करार मोडला असें म्हणून मालकांनीं पंचायतच सोडली, आणि २२ फेब्रुवारीस टाळेबंदी सुरू झाली.

यानंतर गांधीजींनीं हिशेब तपासून मागणी ३५ टक्क्यांवर आणली. पुढें संप झाला, आणि १५ मार्च रोजीं त्यांनीं उपवास आरंभिला. या उपवासाचें दडपण मालकांवर पडलें व तेवढ्यापुरता तो सदोष होता, हें त्यांनीं स्वतःच मान्य केलें आहे. मग दडपणाखालीं स्वीकारलेला लवाद खरा लवाद कसा, अशी शंका वाचकांस येईल. आणि ती रास्त आहे.

आमच्या मतें तिचें उत्तर १८ मार्चच्या तडजोडीच्या अटींत सांपडतें. उपवासानें ३५ टक्के पदरांत पडले नाहींत. पदरांत पडली ती निष्पक्ष चौकशी. पहिल्या दिवशीं मजुरांच्या प्रतिज्ञेप्रमाणें ३५ टक्के, दुसऱ्या दिवशीं मालकांच्या शब्दाप्रमाणें २० टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून निवाड्यापर्यंत साडेसत्तावीस टक्के वाढ, असें ठरलें. निवाडा अधिक झाल्यास मागील फरक मालकांनीं द्यावा, कमी झाल्यास मजुरांनीं परत करावा. त्यामुळें गिरण्या चालू झाल्या, आणि विलंबापासून कोणत्याहि पक्षास लाभ उरला नाहीं. पंच नेमले ते गुजरात कॉलेजांतील प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव. मुदत तीन महिन्यांची होती. निवाडा ऑगस्टमध्यें आला, आणि तो ३५ टक्क्यांचा होता.

या अनुभवाचें फळ १९२० सालीं दिसून आलें. मजूर महाजन स्थापन झालें आणि गांधीजी व शेठ मंगळदास गिरधरदास यांचें स्थायी पंचमंडळ अस्तित्वांत आलें. दोघांचें न जुळल्यास सरपंच, हा त्याचा नियम. १९३६ सालच्या पगारकपातीच्या तंट्यांत गांधीजी व कस्तुरभाई लालभाई यांचें एकमत झालें नाहीं, तेव्हां मुंबई हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ति सर गोविंदराव मडगांवकर यांस सरपंच करण्यांत आलें. पुढें कायद्यानेंहि हाच मार्ग धरिला. १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यांत १९५६ सालीं स्वेच्छेच्या लवादाचें कलम घालण्यांत आलें, आणि १९६४ च्या दुरुस्तीनें पंच समसंख्य असल्यास सरपंचाची तरतूद आवश्यक ठरली. लवाद चालू असतां संप वा टाळेबंदी मना करण्याचा अधिकारहि सरकारास मिळाला.

पहिल्या पंचमंडळांत सहा मोठीं माणसें व एक अधिकारी होते, तरी तें एका चौकशीपर्यंतहि टिकलें नाहीं. दुसऱ्या वेळीं एकटा प्राध्यापक होता. त्याच्यामागें ना फौज ना दंड. परंतु मधल्या काळांत प्रत्येकानें काय करावें हें लेखी ठरलें होतें, आणि तें दोन्ही पक्षांनीं पाळलें. गरीब मजुरास निवाड्याची वाट पाहणें परवडावें, एवढी सोय ज्या नियमांत असते, त्यांसच आम्ही न्यायाचे नियम म्हणूं.